खलनायकासाठी मेणबत्ती

सिनेमातल्या खलनायकासाठी मेणबत्ती लावणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. त्या माझ्या घरमालकीण होत्या. हायस्कुलात उभी हयात हिंदी शिकवून निवृत्त झालेल्या. गावातले सगळेच त्यांना टीचर म्हणत, अगदी त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. म्हणून मीही टीचरच म्हणू लागले.

नोकरीतली माझी पहिली नेमणूक मालवणला झाली होती. मी इचलकरंजीची. समुद्र शाळेच्या सहलीत एकदा पाहिलेला आणि ख्रिस्ती माणसं फक्त सिनेमात. सिनेमातली ख्रिस्ती बाई फ्रॉक घालते आणि मोडकंतोडकं हिंदी बोलते, एवढी माझी माहिती. टीचर नेसायच्या इस्त्रीची सुती साडी, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, आणि हिंदी बोलायच्या रेडिओवरच्या बातम्यांसारखं. एरवी सगळा कारभार मालवणीत. पण राग आला की त्यांची भाषा बदलायची. दारावर येणाऱ्या मासेवालीला, जिच्याशी त्यांची लहानपणापासूनची ओळख होती, तिलाही त्या म्हणायच्या, "बहन जी, यह बांगडा कल का है. यह अनुचित है." मासेवाली शांतपणे टोपलीतला खालचा बांगडा काढून द्यायची. टीचर हिंदीत शिरल्या की वाद घालण्यात अर्थ नाही, हे तिला माहीत होतं.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझी जात विचारली नाही, मी मासे खाते का तेही विचारलं नाही. ओट्यावर बसवून कोकम सरबत दिलं आणि म्हणाल्या, "सिनेमे बघतंस मा गो?"

"बघते की."

"शेवटपर्यंत बघतंस काय मधीच उठतंस?"

"शेवटपर्यंत."

"मगे जमतला आपला," त्या म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली की टीचर तेर्स म्हणायच्या. तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. ती संपली की त्याच खुर्चीचं तोंड आल्ताराकडून टीव्हीकडे फिरवायचं. आल्तार म्हणजे भिंतीवरचा छोटा देव्हारा, त्यात मारियेची मूर्ती आणि शेजारी टीचरच्या नवऱ्याचा फोटो. खुर्ची फिरवताना त्या माळ ठेवायच्या नाहीत. अर्धा सिनेमा होईपर्यंत ती बोटातच असायची.

पहिल्याच आठवड्यात आम्ही एक मारामारीचा सिनेमा बघत होतो. शेवटी हिरोने खलनायकाला पाण्याच्या टाकीवरून खाली फेकून दिलं. गाणं सुरू झालं तशा टीचर उठल्या आणि त्यांनी आल्तारासमोर एक बारीक मेणबत्ती लावली. मला वाटलं दिवे जाणार आहेत.

"कोणासाठी, टीचर?"

"त्या मेल्यासाठी. हिरोक आवस आसा, बहीण आसा, ती नाचणारी आसा. ह्येका कोण आसा?"

असं प्रत्येक वेळी. ज्या सिनेमात खलनायक सुधारायचा त्या दिवशी मेणबत्ती नाही, टीचर खूश, आणि मला रात्री खोबऱ्याचं काहीतरी गोड. ज्या सिनेमात तो मरायचा त्या दिवशी दिग्दर्शकाचा उद्धार. "मेल्यान तेका टायमच दिल्यान नाय," असं म्हणत त्या काडेपेटी शोधायच्या. माझी आई एकदा चार दिवस राहायला आली होती. तिने सकाळी आल्तारासमोरचा मेणाचा थेंब बघून हळूच विचारलं, "कुणाचं काही वर्षश्राद्ध वगैरे होतं का काल?" मी म्हटलं, "कालच्या पिक्चरमधल्या स्मगलरसाठी होती ती." आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि मग मारियेला हात जोडले. संध्याकाळी ती टीचरच्या शेजारी बसून सिनेमा बघत होती.

टीचरना प्रत्येक सिनेमात येशू सापडायचा. हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही. हिरो मार खाऊन तीनदा पडला की त्या माझ्या हाताला चिमटा काढायच्या, कारण येशूही क्रूस वाहताना तीनदा पडला होता. कुणी बाईने पदराने कुणाचं रक्त पुसलं, कुणी भाकरी मोडून दुसऱ्याला दिली, तुरुंगातून सुटलेल्या माणसाला कुणी दार उघडलं, की त्या खुर्चीत पुढे सरकायच्या. चर्चचे फादर तरुण होते, त्यांना टीचरबद्दल फार आदर. पण एकदा तेही म्हणाले, "टीचर, सगळ्याच सिनेमांत येशू नसतो हो."

"फादर, तुमी इंटरवलाक उठतास, म्हणान तुमका तसा वाटता," टीचर म्हणाल्या.

मीही एकदा खोडी काढली होती. म्हटलं, "टीचर, हा सिनेमा काढणारा ख्रिस्ती नाही. त्याच्या मनातसुद्धा नसेल तुम्ही म्हणता ते."

"नसांदे. सूर्य काय फकत चर्चच्या खिडकीतसून येता?"

आता माझी बदली होऊन मी सांगलीला आले आहे. तरी आठवड्यातून एकदा फोन येतो. नमस्कार-चमत्कार नाही. थेट, "तो नवो बघलंस? तो काळ्या गाडीतलो मेलो शेवटी रडता बघ, थय नीट बघ." फोनवर ऐकू कमी येतं म्हणून त्या ओरडून बोलतात, आणि माझ्या कचेरीतल्या सगळ्यांना सिनेमाचा शेवट कळतो.

पण खरं सांगायचं ते दुसरंच आहे.

मालवणला गेले त्या वर्षी नाताळात टीचर मला मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, घेऊन गेल्या. मिस्सा चालू असताना एक वेळ येते, तेव्हा लोक आजूबाजूच्या माणसांकडे वळून हात जोडतात आणि शांती असो म्हणतात. टीचर डावीकडे वळल्या, माझ्याकडे. मागे वळल्या, पुढे वाकल्या. उजवीकडे त्यांच्याच बाकावर, हातभर अंतरावर, एक म्हातारी बाई हात जोडून उभी होती. तिच्याकडे टीचर वळल्या नाहीत. ती बाई थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग तिने हात खाली घेतले.

घरी येताना मी विचारलं. टीचरनी लपवलं नाही.

"माझ्या घोवाक टेम्पोन उडवल्यान. धामापूरच्या वळणार. ते स्कूटरीर होते. टेम्पो चलवणारो तिचो झील. आदल्या राती खयच्या लग्नात पियालेलो, सकाळी तसोच गाडी घेवन भायर पडलो. माझ्याच वर्गातलो. तेका सातवीक हिंदी मी शिकयलंय."

टीचरचा नवरा त्यात गेला. त्या बाईच्या मुलाने कोर्टात गुन्हा कबूल केला होता, शिक्षाही भोगली होती. सुटल्यावर त्याने फादरांकरवी निरोप पाठवला होता, टीचरना एकदा भेटायचं आहे म्हणून. टीचरनी नाही म्हणून सांगितलं. त्याची आई चार घरं पलीकडे राहायची. त्या दोघींमध्ये इतक्या वर्षांत एक शब्द झाला नव्हता.

घरात शिरल्यावर माझी नजर आल्ताराकडे गेली, तिथल्या मेणाच्या थेंबांकडे. टीचरनी ते पाहिलं.

"सिनेमातलो मेलो बरो," त्या म्हणाल्या. "तेची आवस माझ्या बाजूक बसणा नाय."

त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही. मी तिथे असतानाच पुढे एका रविवारी दुपारी टीव्हीवर एक सिनेमा लागला. दक्षिणेकडचा, हिंदीत आणलेला. त्यात ना गाणी ना मारामारी. नदीवर होडी चालवणारा एक माणूस असतो. दारू पिऊन होडी हाकतो, ती उलटते आणि माणसं बुडतात. तो तुरुंगात जातो आणि वर्षांनी गावात परत येतो. येऊन काय करतो, तर नवी होडी बांधतो आणि रोज सकाळी काठावर जाऊन तिच्यात बसतो. गावातलं कुणी त्याच्या होडीत बसत नाही. लोक लांबच्या पुलावरून जातात. तो तरी रोज येतो. शेवटी एक म्हातारी येते, जिचा मुलगा बुडालेला असतो. तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी असते. ती होडीत बसते, फडकं सोडून अर्धी भाकरी त्याच्यापुढे ठेवते, आणि म्हणते, पलीकडे ने. एवढंच. सिनेमा संपतो.

मी टीचरकडे पाहिलं. त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या.

"कसा वाटला?"

"खोटो आसा," त्या म्हणाल्या. "खयची आवस अशी भाकरी नेतली?" आणि उठून भांडी घासायला लागल्या. भांडी माझ्या वाटणीची होती.

पण तो सिनेमा त्यांच्या डोक्यातून जाईना. फोनवर कसा बघायचा ते त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं आणि पुन्हा बघितला. मग आणखी एकदा. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हा त्यांनी स्वतःच फादरांना जाऊन सांगितलं की हा सिनेमा चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांना दाखवायला हवा, आणि नंतर त्या स्वतः दोन शब्द बोलतील. फादर लगेच हो म्हणाले. टीचर आठवडाभर तयारी करत होत्या. माझ्यासमोर बोलून दाखवायच्या, मध्येच थांबून शब्द बदलायच्या. चारचौघांत बोलायचं तर त्यांना शुद्ध मराठीच लागायची.

त्या संध्याकाळी हॉल भरला होता. पडद्यावर म्हातारी होडीत बसली तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावला. दिवे लागले आणि टीचर पुढे गेल्या. फार सुरेख बोलल्या. येशूचा शिष्य पेत्र, त्याची गोष्ट त्यांनी सांगितली. संकटाच्या रात्री ज्याने आपल्या गुरूला ओळख दाखवली नाही, तो पेत्र लाजेने पुन्हा आपल्या जुन्या धंद्याला, मासेमारीला लागतो. एका सकाळी तो जाळी ओढत असताना काठावर कुणीतरी निखारे पेटवून मासे भाजत बसलेलं असतं. मेलेला म्हणून ज्याला पुरलं, तोच तो.

"आपण मालवणची माणसं आहोत," टीचर म्हणाल्या. "निखाऱ्यावरच्या मासळीचा वास किती लांबून येतो, ते आपल्याला सांगायला नको. पेत्र पाण्यातून धावत आला. त्याला वाटलं असेल, आता हा विचारणार, का रे तसं वागलास? पण तसं काही विचारलं नाही. आधी जेवायला बसवलं. मला वाटतं, आपली सगळी आशा त्या जेवणात आहे. आता या सिनेमातली म्हातारी बघा. क्षमा हा शब्द ती तोंडातून काढत नाही. ती फक्त आपल्या हाताने..."

आणि त्या थांबल्या.

मी त्यांची नजर गेली तिकडे पाहिलं. तिसऱ्या रांगेत त्या टेम्पोवाल्याची म्हातारी आई बसली होती. ती रडत वगैरे नव्हती. मांडीवर हात ठेवून, लक्ष देऊन ऐकत होती.

टीचरनी पुढचं वाक्य दोनदा सुरू केलं. ते जमेना. मग त्या मालवणीत म्हणाल्या, "फुडला माका बोलूक येणा नाय. मी तसा कधी केलंय नाय." आणि येऊन माझ्या शेजारी बसल्या. फादरांनी एक गीत सुरू केलं, तेव्हा कुठे लोकांना हायसं वाटलं.

त्यानंतर बरेच दिवस टीव्ही लागला नाही. तेर्स झाली की टीचर आल्ताराकडेच तोंड करून बसून राहायच्या. मला वाटलं, लोकांसमोर फजिती झाली याचं त्यांनी मनाला लावून घेतलं आहे. एका संध्याकाळी त्यांनी एकदम चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल गो माझ्यावांगडा."

आम्ही चार घरं पलीकडे गेलो. ती आई अंगणात बसून माडाच्या झावळांचे हीर काढत होती, केरसुणीसाठी. टीचरना बघून ती उठायला लागली, पण गुडघा धरून अर्धीच उठली.

"बस," टीचर म्हणाल्या. स्वतः मात्र उभ्याच राहिल्या. "खंय आसा तो आता?"

"वास्कोक, टीचर. हॉटेलात कामाक आसा."

"हय येता?"

"येता. माका बघूक येता."

"माका कधी दिसलो नाय."

म्हातारीने हातातला हीर खाली ठेवला. "तो रस्त्यान येणा नाय, टीचर. वाटेर तुमचा घर लागता. तो आदल्या थांब्यार उतारता आणि वाळयेन चलान येता. जातानाय तसोच."

आदल्या थांब्यापासून समुद्राच्या कडेने आमच्या वाडीपर्यंत किती चालायचं, ते मलाही माहीत होतं. पावसाळ्यात तर त्या वाळूवरून लाटा माडांच्या मुळांपर्यंत येतात.

"पावसातय?" टीचरनी विचारलं.

"पावसातय."

"तेका सांग, रस्त्यान येवक," टीचर म्हणाल्या आणि मागे वळल्या. त्या इतक्या भरभर चालू लागल्या की मला धावावं लागलं.

मे महिन्यात तो यायचा निरोप आला. तो येणार त्या दिवशी टीचरनी सकाळपासून अंगणात चूल मांडून कोळसे पेटवले होते आणि बांगड्यांना मीठ-मसाला लावत होत्या. मी विचारलं, "गॅस संपला का?"

"गॅस आसा," त्या म्हणाल्या.

तो फाटकाशी येऊन उभा राहिला. चाळिशीचा असेल, पण केस पांढरे झाले होते. टीचरनी त्याला पाहिलं, हातातला पंखा खाली ठेवला, आणि उठून सरळ आत निघून गेल्या. दार लोटल्याचा आवाज आला. मला काय करावं सुचेना. मी त्याला आत बोलावलं. तो खुर्चीवर बसला नाही, पायरीवर बसला. मी ताट वाढून त्याच्यापुढे ठेवलं. तो ताटाकडे बघत बसला. आतून काही चाहूल नव्हती. मी दोनदा "घ्या ना" म्हटलं. त्याने फक्त मान हलवली.

मग आतून आवाज आला. "उससे कहो, मछली ठंडी हो रही है."

सातवीच्या वर्गात मुलगा दचकून उठावा तसा तो ताठ झाला. मग त्याने मासा मोडला आणि खाऊ लागला. खाताना त्याचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला तो थांबत नव्हता. जेवून त्याने ताट स्वतः विहिरीवर नेऊन धुतलं, पालथं घातलं, आणि रस्त्याने निघून गेला.

टीचर बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "माका त्या म्हातारेसारख्या जमला नाय गो," त्या म्हणाल्या. "तिचो सिनेमा दोन तासात संपता."

तो पुन्हा आला तेव्हा पावसाळा सरत आला होता. या वेळी टीचर ओट्यावरच बसून होत्या आणि उठल्या नाहीत. त्यांनी त्याला समोर खुर्चीवर बसवलं. आईच्या गुडघ्याचं विचारलं, वास्कोतल्या कामाचं विचारलं. तो एकेका शब्दात उत्तर देत होता. मी चहाचे कप उचलून आत जायला निघाले, तेव्हा टीचर म्हणाल्या, "तू बस गो हय." मग त्या त्याच्याकडे वळल्या.

"त्या दिसा तू पळाक नाय मा?"

"नाय, टीचर. मी थयच होतंय."

"ते काय बोलले?"

इतकी वर्षं त्या हे कुणाला विचारू शकल्या नव्हत्या. विचारण्यासारखा माणूस जगात एकच होता.

तो खाली बघून सांगू लागला. "मी तेंचा डोक्या मांडयेर घेतलंय. तेंनी माका वळाखल्यानी. माझ्या आवशीचा नाव घेतल्यानी. मगे म्हणाले, स्कूटर रस्त्यात आडवी पडली आसा, ती बाजूक घे. मागसून येणारो कोण तरी आपटतलो. मी म्हटलंय, आदी तुमका हॉस्पिटलात नेतंय. तर म्हणाले, नाय, आदी स्कूटर. म्हणान मी तेंका खाली ठेवन गेलंय, टीचर. स्कूटर बाजूक घेतलंय. परत येयसर..."

मग म्हणाला, "मी तेंका सोडून जावक नको होता. ह्या मी कोर्टात सांगूक नाय. आवशीकय सांगूक नाय."

टीचर त्याच्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी हसू म्हटलं तर चुकेल, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. आपलं माणूस गर्दीत ओळखू आल्यावर होतो, तसा तो चेहरा होता.

"बाजूक घेतलंस मा?" त्यांनी विचारलं.

"घेतलंय."

"बरा केलंस," टीचर म्हणाल्या. "नायतर ते रागान भरले असते."

त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. त्यांना ऐकायला कमी येऊ लागलं होतं.

"परत सांग," त्या म्हणाल्या. "पयल्यापासून. सावकाश."

आणि तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.